प्लॅटफॉर्मनिहाय कॉन्फिगरेशनचा गुंता कसा सोडवायचा : ग्नू इमॅक्सच्या कोडवरून पायरीपायरीने

एकच टेक्स्ट एडिटर लिनक्स, विंडोज, मॅकओएस, फ्रीबीएसडी आणि सोलारिसवर चालवायचा असेल, तर ‘या सिस्टीमवर असं, त्या सिस्टीमवर तसं’ सांगणाऱ्या ओळी कोडमध्ये येणारच. त्या असण्याला हरकत नाही. त्रास सुरू होतो तो अशा ओळी कुठे आहेत, कशासाठी आहेत आणि आज त्यांची गरज आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही तेव्हा.

ग्नू इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर याचं उत्तम उदाहरण आहे. इमॅक्स २४.१ (जून २०१२) चा सोर्स उघडा. त्यातल्या एसआरसी फोल्डरात ‘एस’ आणि ‘एम’ असे दोन फोल्डर दिसतील. ‘एस’मध्ये प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी हेडर फाइल (सी कोडमध्ये आत घेतली जाणारी व्याख्यांची फाइल) आहे : ग्नू-लिनक्स, डार्विन (मॅकओएसचा गाभा), सिगविन (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारी यंत्रणा), फ्रीबीएसडी, एचपी-यूएक्स, एआयएक्स, आयरिक्स, युनिक्सवेअर वगैरे. ‘एम’मध्ये प्रोसेसरच्या फाइली आहेत : अल्फा, आयए६४, स्पार्क, इंटेल३८६. बिल्ड करण्याआधी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याआधी, चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीन ओळखायची, या दोन फोल्डरांतली एकेक फाइल निवडायची आणि कॉन्फिग-एच या मुख्य हेडरमध्ये त्या दोन्ही ओढल्या जायच्या. मार्च २०१३ मध्ये आलेल्या २४.३ मध्ये हे दोन्ही फोल्डर नाहीत. वापरणाऱ्याला फरक जाणवला नाही, आणि अशा कामाचं यश तेच.

हे काम कसं करायचं ते खाली सांगतो आहे. उदाहरणं इमॅक्सची असली तरी सी किंवा सी++ मधल्या कुठल्याही एडिटरला ही पद्धत चालेल. मॅक्रो (कंपाइल होण्याआधी प्रीप्रोसेसर ज्यांच्या जागी ठरलेला मजकूर घालतो किंवा ज्यांवर अटी तपासतो ती नावं) आणि फाइलींची नावं मूळ कोडमध्ये रोमन अक्षरांत आहेत, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी आजची स्थिती जपून ठेवा

कोडला हात लावण्यापूर्वी, तुमच्या हाताशी असलेल्या प्रत्येक सिस्टीमवर एक स्वच्छ बिल्ड करा आणि दोन गोष्टी बाजूला काढा. पहिली म्हणजे तयार झालेली कॉन्फिग-एच. दुसरी म्हणजे सर्व हेडर आत आल्यानंतर प्रत्यक्षात लागू असलेल्या मॅक्रोंची यादी. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना फक्त प्रीप्रोसेसिंग करून सगळे मॅक्रो छापायला सांगता येतं. त्यासाठी मोठ्या ‘ई’चा आणि ‘डीएम’चा पर्याय एकत्र द्यायचा. कॉन्फिग-एच आत घेणारी एवढीच ओळ असलेली छोटी सी फाइल करा, ती या पर्यायांनी चालवा आणि आलेली यादी क्रमवारीने लावून ठेवा.

ही यादी पुढच्या सगळ्या कामाची कसोटी आहे. एखादी व्याख्या एका फाइलीतून दुसरीकडे हलवलीत की पुन्हा यादी काढायची आणि जुनीशी ताडून पाहायची. फरक शून्य असेल तर पुढे जायचं. फरक असेल तर तो मुद्दाम केलेला आहे का, हे कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या एका बदलाच्या) संदेशात लिहिता आलं पाहिजे. ‘बिल्ड झालं, एडिटर उघडला’ एवढ्यावर समाधान मानू नका. कॉन्फिगरेशनमधल्या चुका बिल्ड मोडत नाहीत, त्या एखादी सोय गुपचूप बंद करतात. स्यूडो-टर्मिनलचा (प्रोग्रॅमला खऱ्या टर्मिनलसारख्या भासणाऱ्या दुव्याचा) मॅक्रो हरवला तर इमॅक्स व्यवस्थित सुरू होतो, पण आतली शेल पाइपवर चालते आणि टर्मिनल असल्याचं गृहीत धरणारे प्रोग्रॅम विचित्र वागतात. अशी तक्रार काही महिन्यांनी येते, आणि तोवर तिचा तुमच्या बदलाशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक मॅक्रोची नोंद करा

स्प्रेडशीट घ्या. एका ओळीत एक मॅक्रो : कुठे कुठे डिफाइन होतो, कुठे वापरला जातो, कधी आणि का आला. पहिल्या दोन प्रश्नांना गिट ग्रेप पुरेसं आहे. तिसऱ्यासाठी गिट लॉगला मोठ्या ‘एस’चा पर्याय देऊन मॅक्रोचं नाव द्या. ज्या कमिटमध्ये ते नाव आलं किंवा गेलं तेवढेच कमिट दिसतात. इमॅक्सचा प्रकल्प २०१४ मध्ये बझार या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावरून गिटवर आला, पण आधीचा इतिहासही सोबत आणला गेला, त्यामुळे फार जुन्या ओळींचा मागही काढता येतो.

या नोंदीतून दोन प्रकारची मेलेली पानं लगेच हाती लागतात : डिफाइन होतात पण कुणी वाचत नाही असे मॅक्रो, आणि वाचले जातात पण कुठेच डिफाइन होत नाहीत असे. पहिले बेलाशक काढा. दुसऱ्यांच्या बाबतीत थांबा. तो मॅक्रो कंपायलर किंवा सिस्टीमचं हेडर पुरवत असेल, किंवा कुणीतरी बिल्ड करताना कमांड लाइनवरून देत असेल. शिवाय सी भाषेत डिफाइन न झालेला मॅक्रो ‘इफ’च्या अटीत शून्य धरला जातो, कंपायलर तक्रार करत नाही. म्हणून हे काम चालू असताना डब्ल्यू-अनडेफ ही वॉर्निंग सुरू ठेवा. सुरुवातीला ती खूप आरडाओरडा करते, पण नाव चुकीचं टाइप झालेल्या अटी तीच पकडून देते.

नोंद करताना मेकफाइल (बिल्डच्या आज्ञांची फाइल) विसरू नका. इमॅक्सच्या २३ व्या आवृत्तीपर्यंत एसआरसीमधली मेकफाइल चक्क सी प्रीप्रोसेसरमधून काढली जायची. त्यामुळे ‘एस’मधल्या हेडर फाइलींत सी कोडचे मॅक्रो आणि लिंकरला द्यायच्या लायब्ररींची नावं शेजारी शेजारी नांदत होती. हा प्रकार धोक्याचा आहे. लिनक्सवर जीसीसी नेहमीच्या मोडमध्ये ‘लिनक्स’ हा शब्दच १ म्हणून डिफाइन करतं, त्यामुळे प्रीप्रोसेसरमधून गेलेल्या मेकफाइलीत एखाद्या फोल्डरच्या मार्गातल्या ‘लिनक्स’च्या जागी १ येऊ शकतो. इमॅक्समध्ये ही पद्धत आधी बंद केली गेली आणि मग हेडर फोल्डरांना हात घातला गेला. हाच क्रम योग्य आहे. लायब्ररींची नावं आणि कंपायलरचे पर्याय कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये न्या आणि ऑटोकॉन्फच्या (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाच्या) सब्स्ट सोयीने मेकफाइलीत भरा. हेडरमध्ये फक्त सी कोडला लागणारं राहू द्या.

‘विंडोज’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि घाईत नेमका हाच भाग सुटतो. प्लॅटफॉर्म ही एक गोष्ट नाही. ऑपरेटिंग सिस्टीम, खिडक्या काढणारी यंत्रणा, प्रोसेसर, कंपायलर आणि सी लायब्ररी हे पाच वेगवेगळे प्रश्न आहेत. जुन्या कोडमध्ये ते एकाच मॅक्रोत कोंबलेले असतात, कारण तो लिहिला तेव्हा ते नेहमी एकत्रच येत होते.

इमॅक्समध्ये विंडोजएनटी नावाचा मॅक्रो होता आणि आहे. तो ‘ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज आहे’ असं सांगतो. पण ‘खिडक्या विंडोजच्या पद्धतीने काढायच्या’ या अर्थानेही तो जागोजागी वापरलेला होता. २४.३ मध्ये सिगविनवरच्या इमॅक्सला विंडोजचा स्वतःचा इंटरफेस वापरता येऊ लागला आणि हे गृहीतक कोसळलं. सिगविनवर फाइलींचे मार्ग, प्रोसेस, सिग्नल हे सगळं युनिक्ससारखं, पण खिडक्या विंडोजच्या. त्यामुळे प्रत्येक वापर तपासून ठरवावं लागलं की इथे प्रश्न सिस्टीमचा आहे की इंटरफेसचा. इंटरफेसचे वापर हॅव्ह-एनटीजीयूआय या वेगळ्या मॅक्रोकडे गेले.

मॅकवरही तसंच. हॅव्ह-एनएस म्हणजे मॅकओएस नव्हे, कारण तोच इंटरफेस ग्नूस्टेप ही मॅकसारखी लायब्ररी घेऊन लिनक्सवरही बांधता येतो. उलट मॅकओएसवर एक्स११ ही युनिक्सची खिडक्या काढणारी यंत्रणा घेऊनही इमॅक्स बांधता येतो. म्हणून डार्विन-ओएस, हॅव्ह-एनएस आणि एनएस-इंप्ल-कोको हे तीन वेगळे मॅक्रो आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

तुमच्या नोंदीत ‘हा मॅक्रो खरं तर कशाबद्दल आहे’ असा एक स्तंभ जोडा. एका मॅक्रोला दोन उत्तरं आली तर आधी त्याचे दोन मॅक्रो करा. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये करा, दुसरं काही त्यात मिसळू नका.

सगळीकडे तेच लिहिलं असेल तर डीफॉल्ट उलटा करा

नोंद पूर्ण झाली की दिसतं की अनेक मॅक्रो जवळपास प्रत्येक सिस्टीमच्या फाइलीत तसेच्या तसे आहेत. स्यूडो-टर्मिनल आहेत, सॉकेट आहेत, ही माहिती इमॅक्सच्या ‘एस’मधल्या बहुतेक फाइली एकेकदा सांगत होत्या. ही ओळ कधीकाळी बातमी होती, आता ती गृहीत धरायची गोष्ट झाली आहे. मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये ती एकदा लिहा आणि ज्या एखाद्या सिस्टीमवर ती लागू नाही तिचं नाव अपवाद म्हणून ठेवा. एवढ्या एका पायरीने ओळींची संख्या झपाट्याने कमी होते आणि उरलेल्या फाइलींत त्या सिस्टीमचं खरं वेगळेपण तेवढं दिसायला लागतं.

जे तपासता येतं ते तपासा

सिस्टीमला ‘तू कोण’ विचारण्यापेक्षा ‘तुला हे येतं का’ विचारणं चांगलं. कॉन्फिगर स्क्रिप्ट एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते : हे फंक्शन सापडतं का, या स्ट्रक्चरमध्ये हा घटक आहे का. उद्या नवी सिस्टीम आली तरी हाच प्रश्न चालतो, तिचं नाव कुठे घालावं लागत नाही.

इमॅक्सचा ‘एम’ फोल्डर मुख्यतः यामुळेच रिकामा झाला. प्रोसेसर बाइट कोणत्या क्रमाने ठेवतो हे आधी फाइलीत हाताने लिहिलेलं असायचं, ऑटोकॉन्फमध्ये त्यासाठी तयार चाचणी आहे. लाँग किती बिटांचा हे कंपायलरच सांगतो. सिस्टीमवरचा भार मोजण्यासाठी प्रत्येक मशीनचं वेगळं गणित लिहिलेलं होतं, ते काम आता ग्नूलिब या ग्नूच्या सामायिक कोडसंग्रहातलं फंक्शन करतं. ग्नूलिबचा असा उपयोग जरूर करा. जिथे फंक्शन नाही किंवा मोडकं आहे तिथे ते आपला पर्याय पुरवतं आणि तुमच्या कोडमध्ये अटच उरत नाही.

चाचणी लिहिताना एक पथ्य : शक्यतो कंपाइल किंवा लिंक करूनच उत्तर मिळेल अशी लिहा, प्रोग्रॅम चालवून नव्हे. एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी बिल्ड करताना तो छोटा प्रोग्रॅम चालवताच येत नाही. इमॅक्स ३० मध्ये आलेलं अँड्रॉइड पोर्ट साधारणपणे असंच बांधलं जातं. चालवल्यावाचून पर्यायच नसेल तर क्रॉस-कंपाइलसाठी सावध उत्तर आधीच देऊन ठेवा.

जे तपासता येत नाही ते नाव घेऊन, कारणासकट लिहा

तपासणीचा हा आग्रह टोकाला न्यायचा नसतो. सिग-आयओ या सिग्नलचं उदाहरण पाहा. कीबोर्डवरून काही आलं की सिस्टीमने हा सिग्नल पाठवावा, म्हणजे इमॅक्सला सारखं वळून बघावं लागत नाही. एचपी-यूएक्स, ओपनबीएसडी आणि सोलारिसवर हा सिग्नल हेडरमध्ये आहे, कंपाइल होतो, लिंक होतो. फक्त इमॅक्सला हवा तसा चालत नाही. साधी चाचणी इथे बिनदिक्कत ‘आहे’ म्हणेल आणि चुकेल. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये या सिस्टीमांची नावंच आहेत, आणि त्यांच्यासाठी ‘सिग-आयओ मोडका’ अशी खूण लावली जाते. कारण सांगणारी टिप्पणी तिथेच वर आहे.

सी कोड मात्र ‘ही सोलारिस आहे का’ विचारत नाही, ‘सिग-आयओ वापरता येतो का’ विचारतो. सिस्टीमची नावं एकाच ठिकाणी, कॉन्फिगर स्क्रिप्टच्या केस ब्लॉकमध्ये. बाकी सगळीकडे फक्त गुणधर्माची नावं. उद्या ओपनबीएसडीने ही उणीव दूर केली तर एक शब्द खोडला की झालं. या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

स्यूडो-टर्मिनल उघडण्याचं प्रकरण याहून अवघड आहे. काही सिस्टीमांवर ओपनपीटीवाय हे एकच फंक्शन पुरतं, काहींवर मुख्य उपकरण उघडून ग्रँटपीटी, अनलॉकपीटी आणि पीटीएसनेम अशी साखळी चालवावी लागते. शिवाय ग्रँटपीटी काही ठिकाणी मदतीसाठी एक चाइल्ड प्रोसेस सुरू करतं. ती संपली की येणारा सिग-चाइल्ड सिग्नल इमॅक्सच्या स्वतःच्या हँडलरने पकडला तर ग्रँटपीटीला आपल्या चाइल्डचा निकालच मिळत नाही. म्हणून त्या क्षणापुरता तो सिग्नल अडवावा लागतो. अशा ओळी बघताना ‘हे कशाला’ असं वाटून काढून टाकण्याचा मोह होतो. इतिहास वाचल्याशिवाय काढू नका, आणि कारण कळलं की ते टिप्पणीत लिहा.

इमॅक्समध्ये हे कोडचे तुकडे मॅक्रोच्या रूपात तसेच कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये हलवले गेले. चार-पाच ओळींचं सी कोड कॉन्फिगरेशनमध्ये असणं मला पटत नाही, ते प्रोसेसच्या सी फाइलीत फंक्शन म्हणून असावं. तरीही हलवणं आणि सुधारणं एकाच कमिटमध्ये करू नये हे बरोबरच आहे. आधी जसंच्या तसं हलवा, यादी ताडून पाहा, मग दुसऱ्या फेरीत सुधारा.

साखळी टोकाकडून सोडवा

सिस्टीमच्या हेडर फाइली एकमेकींना आत घेतात. एचपी-यूएक्स ११ ची फाइल १०.२० च्या फाइलीवर उभी होती, फ्रीबीएसडीची बीएसडी-कॉमनवर, सोलारिसची सिस्टीम-५ च्या सामायिक फाइलीवर. अशा वेळी पायाच्या फाइलीपासून सुरुवात केलीत तर वरच्या फाइली तिच्यातल्या ज्या व्याख्या रद्द करत होत्या, त्यांचा क्रम बिघडतो. जिला दुसरी कुणी आत घेत नाही अशी टोकाची फाइल आधी रिकामी करा, मग तिच्या खालची. प्रत्येक फाइल रिकामी झाली की लगेच काढून टाका. दोन ओळी उरल्या म्हणून ठेवलेल्या फाइलीत वर्षभरात पुन्हा वीस ओळी साठतात.

काही ओळी मात्र कुठेच बसत नाहीत. चाचण्या झाल्यानंतर एखादा मॅक्रो मुद्दाम रद्द करायचा असतो, किंवा एखादं नाव दुसऱ्यावर वळवायचं असतं. हे कॉन्फिग-एचच्या अगदी शेवटी यावं लागतं. इमॅक्सने यासाठी कॉन्फ-पोस्ट-एच ही एकच फाइल केली. एचपी-यूएक्सवर काही फंक्शनं नाहीत असं समजून चाला, विंडोज असेल तर त्याचं हेडर आत घ्या, अशा गोष्टी तिथे आल्या. विंडोजचं ते हेडर एनटी फोल्डरात, विंडोजच्या बाकीच्या कोडजवळ गेलं. अशी एक फाइल असणं ठीक आहे, दोन होऊ देऊ नका.

कॉन्फिगर न वापरणारे प्लॅटफॉर्म

यांची आठवण सगळ्यात शेवटी येते आणि मोडतोड सगळ्यात जास्त इथेच होते. त्या काळी विंडोजसाठी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालत नव्हती, हाताने सांभाळलेली वेगळी कॉन्फिग फाइल होती. कॉन्फिग-एच ज्या मुख्य साच्यावरून बनते त्यात एक मॅक्रो वाढला की इथेही आठवणीने वाढवावा लागायचा. २४.४ (ऑक्टोबर २०१४) पासून एमएसवायएसच्या (विंडोजवर युनिक्सची साधनं देणाऱ्या संचाच्या) मदतीने विंडोजवरही नेहमीची स्क्रिप्ट चालू लागली आणि ही दुहेरी नोंद टळली.

एमएस-डॉसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची स्क्रिप्ट कॉन्फिगच्या साच्यातल्या ओळी शोधून बदलते. तुम्ही साच्यातून एखादी ओळ काढली किंवा तिचं नाव बदललं, तर सेडला ती सापडत नाही आणि ते काहीही न बोलता पुढे जातं. म्हणून साच्याला हात लावणाऱ्या प्रत्येक कमिटमध्ये त्या सेड फाइलीतही ते नाव शोधा. डॉसचं मशीन नसलं तरी ती सेड स्क्रिप्ट लिनक्सवर चालवून तयार होणारी कॉन्फिग-एच आधीच्याशी ताडून पाहता येते.

वापरणाऱ्यांना दिसणारी नावं बदलू नका

आतलं कितीही हलवलं तरी सिस्टीम-टाइप या लिस्प व्हेरिएबलची मूल्यं तशीच राहिली पाहिजेत : ग्नू/लिनक्स, डार्विन, विंडोज-एनटी, बर्कली-युनिक्स. ‘विंडोज-एनटी’ हे नाव आज जुनाट वाटतं, पण जगभरच्या लोकांच्या इनिट फाइलींत (इमॅक्स सुरू होताना वाचतो त्या वैयक्तिक सेटिंग्जच्या फाइलींत) त्यावर अटी लिहिलेल्या आहेत.

तुमच्या स्वतःच्या इनिट फाइलीतही हीच साफसफाई करता येते. एखादी कमांड आहे का हे बघायचं तर सिस्टीमचं नाव विचारण्याऐवजी एफबाउंडपी वापरा. बाहेरचा प्रोग्रॅम हवा असेल तर एक्झिक्युटेबल-फाइंड, खिडकी आहे की टर्मिनल हे हवं असेल तर डिस्प्ले-ग्राफिक-पी. इमॅक्स डेमन म्हणून, म्हणजे पडद्यामागे, चालवत असाल तर इनिट वाचताना एकही खिडकी उघडलेली नसते, म्हणून फाँट आणि रंगांच्या अटी नवी फ्रेम तयार झाल्यावर चालणाऱ्या हुकमध्ये ठेवा.

प्लॅटफॉर्म काढून टाकण्याबद्दल

साफसफाई करताना ‘हे आता कोण वापरतं’ हा प्रश्न वारंवार येतो. २०१४ मध्ये विम या एडिटरपासून वेगळ्या झालेल्या निओव्हिमने जुन्या सिस्टीमांचा आधार एकदम सोडला, बिल्डसाठी सीमेक हे साधन घेतलं आणि सिस्टीमशी बोलण्याचं बरंच काम लिबयूव्ही या लायब्ररीवर सोपवलं. नव्याने सुरू होणाऱ्या प्रकल्पाला हे परवडतं. चालत्या एडिटरने आधी विचारावं, एका आवृत्तीत सूचना द्यावी आणि पुढच्या आवृत्तीत काढावं. इमॅक्स २३.१ (जुलै २००९) मध्ये बऱ्याच जुन्या सिस्टीम एकत्र काढल्या गेल्या, आणि त्यामुळेच पुढच्या तीन वर्षांतलं काम आटोक्यात आलं.

काढायचं ठरलं की युनिफडेफ हे साधन वापरा. मॅक्रो कधीच डिफाइन होत नाही असं त्याला सांगितलं की ते तेवढ्याच अटी सोडवतं, बाकीच्यांना हात लावत नाही. नंतर फरक स्वतः वाचा, कारण अट गेली तरी त्या अटीबद्दलच्या टिप्पण्या मागे राहतात. एका कमिटमध्ये एकच प्लॅटफॉर्म काढा. सहा महिन्यांनी कुणी ‘आमच्याकडे हे अजून चालू होतं’ म्हणत आलं, तर गिट रिव्हर्टने तेवढंच परत आणता येतं.